प्रत्येकाचा तपकिरी वेगळा

हेमा गेल्याचं मला तिच्याच फोनवरून कळलं. मी घाटकोपरला कापडाच्या दुकानात होते. दुकानदाराने पांढऱ्या पॉलिएस्टरचे दोन तागे समोर उलगडले होते, एक जरा चकाकणारा, एक मंद, आणि माझं ठरत नव्हतं. तिलाच विचारावं म्हणून फोन काढला आणि तेवढ्यात तो वाजला. पडद्यावर तिचं नाव. हॅलोसुद्धा न म्हणता मी म्हटलं, "बरं झालं केलास. चकाकतं घेऊ की मंद?" पलीकडून सतीशभावोजींचा, तिच्या नवऱ्याचा आवाज आला. "मंदाताई, हेमा गेली. जेवून पडली होती. चहाला उठवायला गेलो तर..." दुकानदार विचारत होता, "ताई, किती मीटर?" त्याला मी काय सांगितलं ते आठवत नाही. तागे तसेच टाकून रिक्षात बसले आणि मुलुंड येईपर्यंत डोक्यात एकच, की हिने मला उत्तर न देता कसं जावं? विचारलेल्या प्रश्नाला उत्तर दिल्याशिवाय ही बाई कधी गप्प बसली नव्हती.

आता महिना होत आला. या महिन्यात बऱ्याच जणींनी तिच्याबद्दल चांगलं चांगलं सांगितलं. प्रेमळ होती, हसतमुख होती, कलाकार होती. कलाकार होती हे खरं. बाकीचं ऐकून हेमाच हसली असती. ती हट्टी होती, तोंडाने फटकळ होती आणि एखादी गोष्ट डोक्यात घेतली की समोरच्याची दमछाक होईपर्यंत सोडायची नाही. तिच्या या हट्टाचे माझ्या घरावर फार मोठे उपकार आहेत, म्हणून लिहायला बसले आहे.

हेमलता परब. वडील मालवणजवळच्या गावातून गिरणीत कामाला आले, ती भांडुपच्या चाळीत वाढली, चित्रकलेची शिक्षिका झाली आणि लग्नानंतर मुलुंड पूर्वेला राहायला आली. मूलबाळ नव्हतं. मी नाहूरची, ऑफिसातून निवृत्त झालेली, शिवणाची आवड असलेली. आमची ओळख झाली ती मुलुंडच्या एका सभागृहात भरलेल्या बायकांच्या प्रदर्शनात. शेजारीशेजारी टेबलं होती. मी कापडी पिशव्या मांडल्या होत्या. ती आली, एक पिशवी उलटी करून आतली शिवण बघितली आणि म्हणाली, "शिवण झकास आहे. रंग अगदीच भिकार. कुणी निवडले?" मी म्हटलं, मी. "मग यापुढे निवडू नका." दुपारी आम्ही एकमेकींच्या डब्यातलं खाल्लं, संध्याकाळी सामान आवरेपर्यंत अहोजाहो संपलं होतं आणि मी तिची 'मंदे' झाले होते. रंग तिचे, शिवण माझी, असं जे जमलं ते शेवटपर्यंत.

तिचे रंग सरळ कापडावर लावायचे नव्हते. ते कागदावर लावायचे, वाळवायचे, कागद कापडावर पालथा घालायचा आणि वरून कडकडीत तापलेली इस्त्री दाबून धरायची. उष्णतेने रंगाची वाफ होते आणि ती धाग्यात शिरते. कागद उचलला की चित्र कापडावर, धुतलं तरी न जाणारं. सुती कापडावर हे रंग धरत नाहीत, पॉलिएस्टर लागतं. यातली गंमत आणि डोकेदुखी एकच आहे. कागदावर दिसणारा रंग आणि कापडावर उमटणारा रंग यांची एकमेकांशी ओळखसुद्धा नसते. कागदावरचा निळा शाईच्या डागासारखा मळकट, लाल विटेसारखा, आणि इस्त्रीखालून मात्र असे झळझळीत बाहेर येतात की बघत राहावं. बाटलीतला तयार रंग वापरणाऱ्याचं ठीक चालतं. स्वतःचा रंग जमवायचा म्हटलं की वाट लागते, कारण वाटीत बघून काहीच कळत नाही. थोडं मिसळायचं, कागदाच्या कपट्यावर लावायचं, वाळवायचं, दाबायचं, बघायचं, पुन्हा मिसळायचं. हेमाला ही पुन्हापुन्हाची कटकट मनापासून आवडायची. "बाटलीतला हिरवा कुणाचाही असतो गं," म्हणायची, "मला माझा पाहिजे." वाफेच्या इस्त्रीच्या भोकांचे ठसे कापडावर उमटतात म्हणून तिने एका इस्त्रीवाल्याकडून सपाट तळाची, जुनी, जडशीळ इस्त्री मिळवली होती. मागच्या गॅलरीत लाकडी टेबलावर घोंगडं अंथरून तिचा कारखाना चालायचा.

उशांचे अभ्रे, पिशव्या, ओढण्या... असं आमचं मजेत चाललं होतं. मग माझ्या मुलीला भाजलं.

ऋचा तेव्हा सव्वीस वर्षांची होती, अंधेरीच्या एका कंपनीत हिशेबाचं काम बघायची. रविवारची सकाळ होती, ती पुऱ्या तळत होती. कढईचा कान सांडशीतून निसटला आणि उकळतं तेल डाव्या हातावर आलं, बोटांपासून थेट दंडापर्यंत. ऋचा डावखुरी. हॉस्पिटलातले दिवस मी इथे लिहीत नाही. मांडीची कातडी काढून हातावर लावली, हात वाचला, डॉक्टरांनी सगळं नीट केलं. खरं कठीण ते घरी आल्यावर सुरू झालं. भाजलेली कातडी भरताना फुगते, आवळली जाते. तसं होऊ नये म्हणून अंगाला घट्ट दाबून बसणारी बाही आणि हातमोजा घालावा लागतो. अंघोळ आणि मालिश सोडली तर दिवसरात्र, वर्षभर, कधी त्याहून जास्त. ऋचाची बाही आली ती बिस्किटी गुलाबी रंगाची. त्वचेचा रंग म्हणतात त्याला. ऋचा माझ्यासारखी सावळी. तिने बाही चढवली, आरशात बघितलं आणि म्हणाली, "आई, दुकानातल्या पुतळ्याचा हात काढून मला लावलाय गं."

एकदाच मी तिला आग्रहाने खाली भाजीवाल्याकडे नेलं. सोसायटीतल्या एक बाई थांबल्या, हाताकडे बघितलं आणि हळहळून म्हणाल्या, "अगंबाई, खोटा हात बसवला का?" त्यानंतर ऋचा खोलीच्या बाहेरही येईना. कंपनीने तिची जागा राखून ठेवली होती, साहेबांचे फोन यायचे. ती घ्यायची नाही. जेवणाचं ताट मी आत न्यायचे आणि अर्धं भरलेलं परत आणायचे. व्यायाम सांगितले होते, ते करायची नाही. बोटं हळूहळू आत वळायला लागली होती.

हेमा हॉस्पिटलात रोज आली होती, घरीही यायची, पण ती आली की ऋचा दार लावून घ्यायची. एका दुपारी तिने चहाही घेतला नाही, सरळ दार ढकलून आत गेली. मी मागोमाग. कसं आहे, दुखतंय का, असलं काही विचारलं नाही. पलंगावर बसली, बाहीचं टोक चिमटीत धरलं आणि म्हणाली, "हा कुणाचा रंग?"

ऋचाने बाहीकडे बघितलं, मग तिच्याकडे.

"नाही, विचारतेय. त्वचेचा म्हणे. कुणाच्या? मुलुंडपासून ट्रॉम्बेपर्यंत एक माणूस दाखव मला या रंगाचा."

ऋचाला हसू फुटलं... कितीतरी दिवसांनी. हेमा मात्र हसत नव्हती. तिला खराखुरा राग आला होता. वर्गात एखाद्या मुलाने झाड निळं रंगवलं तर ती कौतुक करायची, पण कुणीतरी आयता चुकीचा रंग आणून हाच बरोबर असं सांगितलेलं तिला खपायचं नाही. "मंदे," ती म्हणाली, "हा मी बदलते."

ती लगेच बाहीवरच इस्त्री फिरवायला निघाली होती. मीच म्हटलं, आधी विचारू. ऋचाच्या थेरपिस्टबाई वयाने लहान, शांत. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि स्पष्ट नाही म्हणाल्या. एवढ्या उष्णतेने कापडाचा ताण मरतो, आणि ताण हेच तर औषध. हेमाचं तोंड उतरलं, पण तिने वाद घातला नाही. ती एकामागून एक प्रश्न विचारायला लागली. वरून दुसरी पातळ बाही चढवली तर? सैल? खेळाडूंच्या टी-शर्टचं जाळीदार कापड असतं, घाम धरत नाही, ते चालेल? रंग कातडीला लागणारच नाही, मध्ये तुमची बाही आहे. बाईंनी विचार केला. चालेल, म्हणाल्या, पण सैलच हवी, रोज धुवायची आणि उकडायला लागलं की काढून ठेवायची. मग ऋचाकडे बघत म्हणाल्या, "माझी काळजी वेगळीच आहे. ही बोटं हलवत नाही. त्याचं काय करू सांगा." हेमा म्हणाली, "ते मी बघते." काय बघणार होती कुणास ठाऊक. त्या वेळी तिलाही ठाऊक नसणार.

आणि तपकिरी सुरू झाला. तपकिरी म्हणजे लाल, पिवळा आणि निळा, हे शाळेतल्या पोरांनाही सांगता येतं. पण सावळ्या मुलीच्या हाताचा तपकिरी म्हणजे काय, ते आयुष्यभर रंग शिकवलेल्या हेमालाही सांगता येईना. पहिला तुकडा इस्त्रीखालून आला तो गाजरासारखा. दुसरा गेरूसारखा. निळा वाढवला तर असा काही प्रेतकळा आलेला रंग निघाला की तिने तो मला दाखवलाही नाही, कात्रीने बारीक कापून टाकला. "निळा फार उर्मट आहे," ती म्हणायची. "वाटीत दिसत नाही आणि इस्त्रीखाली सगळ्यांना दाबून टाकतो." शेवटी ती टाचणीच्या डोक्यावर निळा घेऊन घालायला लागली. इस्त्री जरा जास्त वेळ दाबली तर रंग गडद व्हायचा, जरा लवकर उचलली तर फिका राहायचा. त्यात पावसाळा. कागद वाळेनात, आणि ओलसर कागद दाबला की रंग फुटतो. सतीशभावोजी केस वाळवायचं मशीन घेऊन कागदांवर वारा घालत बसायचे. "बायकोचे केस कधी वाळवले नाहीत आणि हे काय करतोय," असं म्हणायचे, पण उठायचे नाहीत.

रंग जुळवायचा तर ऋचाचा चांगला हात समोर हवा होता, तोही दिवसाच्या उजेडात. हेमा तुकड्यांची पिशवी घेऊन मुलुंडहून आमच्याकडे यायची आणि ऋचाला हॉलच्या खिडकीशी उभं करायची.

"मावशी, नको ना. समोरच्या बिल्डिंगमधून लोक बघतात."

"बघू देत. मला उजेड पाहिजे."

"खोलीतच बघ ना, लाइट लावते."

"लाइटखाली सगळं पिवळं दिसतं गं. चल, ऊठ. हात दे. तो नाही, उजवा."

सुरुवातीला ऋचा हात पुढे करायची आणि तोंड भिंतीकडे फिरवून उभी राहायची. पण हेमाची बडबड तिच्या कानावर पडत होतीच. मनगटाच्या आत पिवळा जास्त आहे. पेरांवर लाल. कोपराला तर जांभळा आहे, बघ तरी. "हिच्या एका हातात चार रंग आहेत, मंदे, आणि ते लोक एक गुलाबी घेऊन आलेत." एके दिवशी ऋचाने मान वळवली, तुकड्याकडे बघितलं आणि म्हणाली, "हा लाल जास्त झालाय." हेमाने जराही आश्चर्य न दाखवता विचारलं, "किती?" त्या दिवसापासून दोघींची खिडकीशी भांडणं सुरू झाली. समोरच्या बिल्डिंगला तो तमाशा रोज फुकट बघायला मिळायचा आणि ऋचाला त्याची आठवणसुद्धा राहायची नाही.

जमला तेव्हा मी स्वयंपाकघरात होते. ऋचाने हाक मारली. बाहेर आले तर दोघी खिडकीशी उभ्या आणि ऋचाने उजवा दंड माझ्यासमोर धरलेला. "काय दिसतंय?" मला काहीच दिसेना. मग हेमाने नखाने तुकड्याचं टोक उचललं. तो दंडावर ठेवलेला होता आणि मला कळला नव्हता. बाहीचं कापड तिने एकाच रंगात केलं नाही. मनगटाकडून कोपराकडे कागदावर ब्रशने रंग चढवत नेला, जसा तो खऱ्या हातावर चढतो तसा. मी बाही शिवली, हातमोज्याची बोटं शिवताना पुन्हापुन्हा उसवली. ऋचा ती घालून हेमाबरोबर मुलुंडच्या बाजारात गेली. भाजी घेतली, पाणीपुरी खाल्ली. कुणी वळून बघितलं नाही. हेमा परत आली ती जिंकलेल्या मुद्रेने, आणि त्या दिवशी तिने माझ्याकडे दोनदा चहा घेतला.

काही दिवसांनी हेमा आली तेव्हा ऋचाने ती बाही, धुऊन घडी घातलेली, तिच्या हातात ठेवली.

"मावशी, खूप सुंदर झालीय. पण मला ही नको."

"नको म्हणजे? घट्ट होते?"

"नाही. कुणी बघत नाही हे खरंय. पण मीच सारखी बघत असते, कुणाला कळलं तर नाही ना. पाणीपुरीवाल्याने प्लेट दिली तेव्हा मी हात मागे घेतला. खोटं बोलत फिरल्यासारखं वाटतं मला. मला दिसणारा रंग दे. लोक बघणारच असतील तर बघण्यासारखं काहीतरी बघू देत."

हेमाचा चेहरा मी तसा कधी पाहिला नव्हता. "मग इतके दिवस मी काय पापड लाटत होते?" एवढंच म्हणाली, चप्पल घातली आणि निघून गेली. फोन केला की सतीशभावोजी उचलायचे. "गॅलरीत आहे. कुणाशी बोलत नाही." मी ऋचाला रागावले. म्हटलं, तिच्या मेहनतीची काही कदर? ऋचा म्हणाली, "कदर आहे म्हणूनच खरं सांगितलं ना." एक हलायला तयार नाही, दुसरीही नाही. मध्ये मी.

मग एका सकाळी बेल वाजली. दारात हेमा, दोन्ही खांद्यांना पिशव्या, आत बाटल्या, वाट्या, ब्रश. हॉलच्या मधोमध वर्तमानपत्र पसरलं आणि बसली.

"हं, बोल. कुठला रंग?"

"जांभळा," ऋचा म्हणाली.

"जांभळा म्हणजे काय? वांग्याचा, कोकमाचा की करवंदाचा?"

ऋचाने वेळ घेतला. "करवंदाचा. पिकलेल्या. आणि तोडल्यावर पांढरा चीक येतो ना, तसे मध्ये ठिपके."

"बरं. कर."

"मी?"

"मग कोण? मी तुझा तपकिरी केला, तो तुला नको. आता तुझा तू कर. डाव्या हाताने."

तो हात तेव्हा अर्धवट मिटलेल्या मुठीसारखा झाला होता. ब्रश धरायला गेली की गळून पडायचा. पहिल्याच दिवशी वाटी लवंडली, रंग माझ्या लादीवर पसरला आणि ऋचा रडायला लागली. "नाही जमत मला. कशाला छळतेस?" मी फडकं आणायला उठले तर हेमाने मला हाताने बसवलं. "सांडला तर सांडला. बाटलीत आहे अजून." दुखतंय म्हटलं की ती थांबवायची. दुखायचं थांबलं की ब्रश पुन्हा पुढे. तिने थेरपिस्टबाईंना विचारून ब्रशच्या दांड्याला चिंध्या गुंडाळल्या, काकडीएवढा जाड केला, म्हणजे अर्धवट मुठीतही धरता येईल. बोटं जशी मोकळी होऊन नीट मिटायला लागली तशी ती एकेक चिंधी सोडवत गेली. या रंगांत पांढरा नसतो. पांढरं हवं तिथे कागद कोरा सोडावा लागतो, म्हणजे प्रत्येक ठिपक्याभोवती हात फिरवत रंग भरायचा. ऋचाने शेकडो ठिपके सोडले असतील. पहिले कागद नुसते डागच डाग. मग कधीतरी त्यात ठिपके दिसायला लागले. शेवटी जो कागद इस्त्रीखाली गेला, त्यावरचे ठिपके वाकडेतिकडेच होते, पण रंग... इस्त्री उचलल्यावर आम्ही तिघीही वाकून बघायला लागलो. करवंदच. ब्रशच्या दांड्यावर तेव्हा एकही चिंधी उरली नव्हती.

ती बाही घालून ऋचा अंधेरीला कामावर गेली. संध्याकाळी परत आली आणि दारातच चप्पल काढता काढता म्हणाली, "सगळ्यांनी बघितलं आई. एकीने विचारलं, कुठे मिळते ही. मी सांगितलं, हात भाजलाय आणि बाही मी केलीय." मी लगेच हेमाला फोन लावून सांगितलं. ती म्हणाली, "ठिपके वाकडे आहेत म्हणावं," आणि फोन ठेवला. सतीशभावोजी नंतर म्हणाले की त्या रात्री जेवताना ती एकटीच हसत होती.

हेमाने परत नेलेली तपकिरी बाही थेरपिस्टबाईंनी बघायला मागितली. त्यांच्याकडे शकुंतला नावाची एक पेशंट होती. घाटकोपरला घरोघरी पोळ्या करायची, स्टोव्हचा भडका उडून हात भाजला होता. बरी झाली तरी कामावर कुणी घेईना. हाताकडे बघून जेवण जात नाही, असं एका घरी तिच्या तोंडावर सांगितलं होतं. तिला हवी होती ती अशीच बाही, कुणाला कळणार नाही अशी. ऋचाला ते पटलं नाही. हेमाच्या गॅलरीत बसून ती म्हणाली, "मावशी, तिला सांग ना रंगीत घाल म्हणून. लपवायचं कशाला?"

हेमाने ब्रश खाली ठेवला. "तुझी नोकरी राखून ठेवली होती गं. तिची कुणी ठेवली? तिला उद्या चार घरी पोळ्या लाटायच्या आहेत. तिला जे हवंय ते द्यायचं. आपलं शहाणपण आपल्याकडे."

शकुंतला आली तेव्हा मात्र तिचा हात उजेडात धरून ऋचाच बसली. ऋचासाठी केलेला रंग शकुंतलाच्या हाताशी नेला तर एकदम राखाडी दिसायला लागला. पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. त्या दिवशी हेमा म्हणाली, प्रत्येकाचा तपकिरी वेगळा असतो, पाठ करून काही उपयोग नाही. म्हणून तिने कुठल्याही रंगाचं प्रमाण कधी लिहून ठेवलं नाही. समोर हात हवा आणि उजेड हवा, बस. शकुंतलाला पुन्हा कामं मिळाली. सगळीकडे नाही, पण मिळाली.

त्यानंतर माणसं येत राहिली. कुणाला अगदी स्वतःच्या कातडीचा रंग हवा असे, कुणाला मोरपंखी. एका आजोबांनी बाहीवर घड्याळ काढून मागितलं होतं आणि हेमाने त्याचे आकडे कागदावर उलटे रंगवून, इस्त्रीने सुलटे करून दिलं होतं. रविवार सकाळ म्हणजे हेमाची गॅलरी, हे ऋचाचं आणि माझं ठरूनच गेलं. मधल्या काळात ऋचाचा हात मोकळा झाला, घट्ट बाही सुटली. तरी ती रविवारी येत राहिली. गेल्या वर्षी हेमाला जिने चढताना धाप लागायला लागली. डॉक्टरांनी हृदयाचं दुखणं सांगितलं, गोळ्या दिल्या, दगदग बंद म्हणाले. मी म्हटलं, थोडे दिवस गॅलरी बंद ठेवू. रागावली की ती मालवणीत शिरायची. "माका काय होवचा नाय. तू तुझी शिवण बघ." इस्त्री मात्र ऋचाला दाबू द्यायला लागली. स्वतः खुर्चीवर बसून "आता उचल... नको, अजून... आता" असं म्हणत राहायची. शेवटच्या रविवारीही तेच चाललं होतं. मी निघताना तिने वर बघितलंसुद्धा नाही, वाटीत काहीतरी ढवळत होती.

ती गेल्यावर आठवडाभराने माझ्या फोनवर एका बाईचा फोन आला. पौर्णिमा, ट्रॉम्बेची, शाळेच्या बसवर मुलांना चढवायचं-उतरवायचं काम करते. भाजलेल्या हाताला मुलं घाबरतात, हात धरू देत नाहीत. हेमाने तिला येणारा रविवार आणि माझाही नंबर दिला होता. "मॅडमचा फोन लागत नाहीये, रविवारी येऊ ना?" ऋचाने फोन माझ्या हातातून घेतला. "हेमामावशी गेल्या," ती म्हणाली. "तुम्ही या. दहा वाजता या, तेव्हा उजेड चांगला असतो."

फोन ठेवल्यावर मी विचारलं, "तुला जमेल?"

"माहीत नाही. पण त्या येणार आहेत ना."

सतीशभावोजींना कळवायचं धैर्य मला होईना. त्यांनी गॅलरीतलं घोंगडं झाडून घडी करून ठेवलंय, बाटल्या खोक्यात भरल्यात, हे मी ऐकलं होतं. शेवटी ऋचानेच फोन केला. आम्ही रविवारी पोचलो तर घोंगडं टेबलावर अंथरलेलं होतं, बाटल्या ओळीने मांडलेल्या होत्या आणि भावोजी बनियनवर उभे राहून गॅलरीच्या ग्रिलवरची वाळत घातलेली चादर काढत होते. "उजेड अडत होता," म्हणाले.

पौर्णिमा बोलकी नव्हती. ऋचाने तिचा हात गुडघ्यावर घेतला आणि बराच वेळ नुसता बघितला. मग मिसळायला लागली. पहिला तुकडा चुकला. दुसराही. तिसरा मला तरी जुळल्यासारखा वाटला, पण ऋचा म्हणाली, "नाही, हिरवट आहे," आणि भावोजी पुढचा कागद वाळवायला घेऊन बसले. इस्त्री दाबताना आज कुणी 'आता' म्हणायला नव्हतं. ऋचा दोन्ही हातांनी भार देऊन उभी होती, डाव्या हाताच्या पेरांवर ताण दिसत होता. किती वेळ धरायचं ते तीच मनाशी ठरवत होती. अकरा वाजून गेले, ऊन फिरलं, टेबल सरकवावं लागलं. मी एकदा म्हटलं, उरलेलं पुढच्या रविवारी करू. तिने मान हलवली आणि टाचणीच्या डोक्यावर निळा घेतला.

तो तुकडा इस्त्रीखालून निघाला तेव्हा ऋचाने तो पौर्णिमाच्या हाती दिला. ती उठून ग्रिलपाशी गेली. चांगल्या हातावर तुकडा ठेवला, हात उन्हात धरला, सावलीत धरला, उलटा केला. आम्ही तिघंही तिच्या तोंडाकडे बघत होतो. ती वळली आणि म्हणाली, "दोन करून द्याल? एक धुवायला टाकली की दुसरी लागेल."

"देते," ऋचा म्हणाली.

ती गेल्यावर मी सवयीने वाट्या गोळा करून धुवायला निघाले. ऋचाने मला थांबवलं. तपकिरीची वाटी माझ्या हातातून काढून घेतली, फडकं ओलं करून पिळलं आणि रंग वाळू नये म्हणून वाटीवर झाकलं. दुसरी बाही अजून करायची होती.